कॅम्पस रेडिओवर आंदोलनाचा विषय: नियम, माईक आणि अठ्ठावीस मिनिटं

विद्यापीठाच्या किंवा कॉलेजच्या रेडिओ केंद्रात आंदोलनाचा विषय निघाला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "आपल्याला परवानगी नाही." हे वाक्य अर्धंच खरं आहे. उरलेल्या अर्ध्यात बरीच जागा आहे, पण ती वापरणारी केंद्रं थोडी. सरकारने एक खिडकी बंद ठेवली आहे हे खरं, पण बाकीच्या खिडक्या बहुतेक ठिकाणी केंद्रानेच आतून लावून घेतलेल्या दिसतात. नियम नेमका काय म्हणतो आणि जे करता येतं ते ऐकण्याजोगं कसं करायचं, त्याबद्दल हा लेख. माईक विद्यार्थ्यांच्याच हातात आहे असं धरून लिहिलं आहे.

आधी थोडा इतिहास, कारण आजच्या अडचणी त्यातूनच आल्या आहेत. फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट असोसिएशन ऑफ बेंगॉलच्या खटल्यात सांगितलं की प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्यानंतर सात-आठ वर्षांनी, २००२ च्या अखेरीस, केंद्र सरकारने दार किलकिलं केलं आणि फक्त शिक्षणसंस्थांना आत घेतलं. १ फेब्रुवारी २००४ ला चेन्नईत अण्णा विद्यापीठाचं अण्णा एफएम सुरू झालं. मग पुणे विद्यापीठाची विद्यावाणी १०७.४ वर आली, मुंबई विद्यापीठाचा मस्ट रेडिओ १०७.८ वर आला. स्वयंसेवी संस्थांना परवानगी मिळाली २००६ च्या अखेरीस, आणि त्यानंतरच तेलंगणातल्या पस्तापूरचा संघम रेडिओ किंवा साताऱ्यातल्या म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी शक्य झाली. गावातल्या बायकांच्या हाती ट्रान्समीटर देण्याआधी सरकारला प्राध्यापकांच्या हाती देणं सुरक्षित वाटलं, असा याचा सरळ अर्थ आम्ही घेतो.

याचा परिणाम आजही जाणवतो. परवानगी संस्थेच्या नावावर असते. करारावर सही कुलसचिवांची किंवा प्राचार्यांची असते. विद्यार्थ्याला त्या कागदावर जागा नाही. राजकीय पक्ष आणि त्यांच्याशी संलग्न विद्यार्थी संघटनांना परवानगी मिळणार नाही, हे तर केंद्र सरकारच्या सामुदायिक रेडिओच्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट लिहिलेलं आहे. कॅम्पस रेडिओ याच वर्गात मोडतो. त्यामुळे कॅम्पस रेडिओवर कात्री चालते तेव्हा ती बहुतेकदा दिल्लीतून चालत नाही. ती त्याच इमारतीतल्या वरच्या मजल्यावरून चालते.

नियमाचा गाभा असा: सामुदायिक केंद्राने बातम्या आणि चालू घडामोडींचे, तसंच राजकीय स्वरूपाचे कार्यक्रम करायचे नाहीत. आकाशवाणीचं बातमीपत्र घेता येतं, स्वतःचं करता येत नाही. मात्र "याला बातमी समजलं जाणार नाही" अशी यादीही दिलेली आहे. परीक्षा, निकाल, प्रवेश आणि करिअरविषयक माहिती, नोकरीच्या संधी, वाहतूक आणि हवामान, क्रीडास्पर्धांची माहिती (थेट प्रक्षेपण सोडून), आणि स्थानिक प्रशासनाने दिलेल्या पाणी, वीज, आपत्ती, आरोग्य यांच्या सूचना. ही यादी आंदोलनाच्या दृष्टीने पुन्हा वाचून बघा. विद्यार्थी रस्त्यावर येतात ते बहुतेक वेळा परीक्षा, निकाल, प्रवेश, शिष्यवृत्ती, वसतिगृह आणि नोकरभरती यांसाठीच.

ऑगस्ट २०२४ चं उदाहरण घ्या. एमपीएससीची २५ तारखेची पूर्वपरीक्षा आणि बँकभरतीची आयबीपीएसची परीक्षा एकाच दिवशी आल्या. पुण्यात शास्त्री रस्त्यावर विद्यार्थी बसले. आयोगाने परीक्षा पुढे ढकलली. यातलं "आज रात्री शास्त्री रस्त्यावर काय चाललंय" हे बातमीत मोडतं, ते कॅम्पस केंद्राने करू नये. "दोन परीक्षांची तारीख एकच का येते, वेळापत्रक कोण ठरवतं, पुढे ढकलल्याने कोणाचं काय होतं" हा कार्यक्रम परीक्षेच्या माहितीचा आहे, आणि तो करण्यापासून कोणी अडवलेलं नाही.

सीमारेषा ओळखायला आमचा एक ठोकताळा आहे. हाच कार्यक्रम तीन आठवड्यांनी लावला तर शिळा वाटेल का? वाटणार असेल तर ती बातमी आहे, सोडून द्या. वाटणार नसेल तर तो प्रश्नाबद्दलचा कार्यक्रम आहे. दुसरी चाळणी राजकारणाची: पक्षाचं नाव, उमेदवाराचं नाव, मतदान कोणाला करावं याचा सूर, कोणा मंत्र्याच्या राजीनाम्याची मागणी. हे टेपमध्ये असेल तर कापा. निवडणुकीची आचारसंहिता लागू असताना ही चाळणी आणखी बारीक ठेवा. विद्यार्थी संघटनेतली मुलगी पाहुणी म्हणून बोलू शकते, पण तिची ओळख शाखा आणि वर्गाने करून द्या, पदाने नको. पद सांगितलं की केंद्राच्या समितीतल्या कोणाचे तरी कान टवकारतात.

बातम्यांवरची ही बंदी सगळीकडे नाही, हेही माहीत असावं. नेपाळात रेडिओ सगरमाथा १९९७ पासून आहे आणि तिथली सामुदायिक केंद्रं बातम्या देतात. फेब्रुवारी २००५ मध्ये राजे ग्यानेंद्र यांनी सत्ता हातात घेतल्यावर एफएमवरच्या बातम्याच आधी बंद केल्या, यावरून त्या बातम्यांचं वजन कळतं. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातलं विद्यार्थ्यांचं केंद्र डब्ल्यूकेसीआर एरवी जॅझसाठी ओळखलं जातं. ३० एप्रिल २०२४ च्या रात्री पोलीस आंदोलक विद्यार्थ्यांनी ताब्यात घेतलेल्या हॅमिल्टन हॉलमध्ये शिरले तेव्हा त्याच केंद्राचे विद्यार्थी कॅम्पसमधून थेट बोलत होते. ऐकणाऱ्यांची गर्दी एवढी झाली की केंद्राची वेबसाइट कोलमडली. आपल्याकडे असं थेट प्रसारण नियमातच बसत नाही. ते वाईट आहे असं आमचं मत आहे. पण आजचा नियम आजचा आहे, आणि त्याच्याशी भांडण न्यायालयात करायचं, ट्रान्समीटर पणाला लावून नव्हे.

समितीकडून मंजुरी

प्रत्येक केंद्राला सल्लागार आणि आशय समिती असते. २०२४ च्या सुधारित तत्त्वांप्रमाणे तिच्यात निम्म्या तरी स्त्रिया हव्यात. तिच्याकडे एकेक भाग घेऊन गेलात तर एकेक भाग अडेल. सहा भागांची मालिका एकदम मंजूर करून घ्या. मालिकेचं नाव थंड ठेवा, "विद्यार्थ्यांचे प्रश्न आणि कायदा" असं काही. एक पानी टिपण द्या: सहा विषय, प्रत्येकात कोण बोलणार, दुसरी बाजू कोण मांडणार, नियमातल्या कोणत्या मुभेत हे बसतं, आणि आक्षेप आला तर कोण उत्तर देणार. शेवटचा मुद्दा लिहिलेला असेल तर सह्या लवकर होतात, कारण अडणारा माणूस मुख्यतः "उद्या फोन आला तर मी काय सांगू" यालाच घाबरत असतो. बैठकीच्या इतिवृत्तात ठराव नोंदवून त्याची प्रत केंद्रात ठेवा. तोंडी "करा हो" ला काही किंमत नाही. ते म्हणणारी व्यक्ती बदलीवर जाते.

अठ्ठावीस मिनिटांची मांडणी

अर्ध्या तासाच्या स्लॉटमध्ये जिंगल आणि जाहिराती वजा जाता अठ्ठावीस मिनिटं हाती राहतात. परीक्षेच्या वेळापत्रकाचा वर दिलेला विषय घेतला तर अशी वाटणी चालते:

पहिली ४० सेकंदं नुसता आवाज. अभ्यासिकेतले पंखे, चहाच्या टपरीवरचे ग्लास, घोषणांचा लांबून येणारा एक तुकडा. मग १ मिनिट २० सेकंदं प्रस्तावना. मराठी निवेदन मिनिटाला साधारण ११० शब्दांनी सुखाने ऐकू येतं, म्हणजे दीडशेच्या आत शब्द. पुढची ५ मिनिटं चार-पाच विद्यार्थी, प्रत्येकी जास्तीत जास्त एक मिनिट. ६ मिनिटं प्रक्रिया समजावणारा माणूस: परीक्षा विभागातून निवृत्त झालेला अधिकारी किंवा प्रशासकीय कायदा शिकवणारी प्राध्यापक. ७ मिनिटं त्या मुलांसाठी ज्यांना आंदोलन पटलं नाही किंवा ज्यांना त्याचा फटका बसला. परीक्षा पुढे गेली की खोलीचं भाडं, मेस आणि अभ्यासिकेची फी आणखी एक-दोन महिने भरावी लागते, आणि गावाकडे "आता शेवटचा प्रयत्न" असं सांगून आलेल्या मुलाला ते जड जातं. हा भाग सगळ्यांत मोठा ठेवला आहे तो मुद्दाम. तो नसला की कार्यक्रम म्हणजे हवेवरून लावलेलं पोस्टर होतं. त्यानंतर ४ मिनिटं प्रशासनाची बाजू. कोणी बोलायला तयार नसेल तर त्यांचं प्रसिद्ध परिपत्रक वाचा आणि कोणत्या तारखेला कोणाला विचारलं होतं ते सांगा. ३ मिनिटं "आता काय करता येतं", शेवटचं मिनिट श्रेयनामावली आणि प्रतिक्रिया कुठे पाठवायच्या ते.

"काय करता येतं" मध्ये उपदेश नको, पायऱ्या हव्यात. माहिती अधिकाराचा अर्ज महाराष्ट्रात १० रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पवर किंवा ऑनलाइन करता येतो. राज्याच्या २०१२ च्या नियमाप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा. उत्तराची मुदत ३० दिवस. न आल्यास किंवा अपुरं आल्यास ३० दिवसांत पहिलं अपील, त्याची फी २० रुपये. "का" विचारल्यामुळेही अर्ज फेटाळले जातात. "परीक्षा का पुढे ढकलली" याला उत्तर देणं माहिती अधिकाऱ्याला बंधनकारक नाही. "परीक्षा पुढे ढकलण्याच्या निर्णयाच्या टिपणीची प्रत द्यावी" याला मात्र आहे. हे वाक्य निवेदकाने दोनदा सावकाश वाचावं, लोक लिहून घेतात.

स्टुडिओतल्या चर्चेचा रोग

मराठी कॅम्पस रेडिओवर तरुणांची चर्चा ऐकवत नाही याचं मुख्य कारण वक्तृत्व स्पर्धा. माईक समोर आला की चांगली बोलणारी मुलगीसुद्धा "आजची तरुणाई ही उद्याच्या भारताचा कणा" या सुरात शिरते. तिचा दोष नाही. पाचवीपासून माईकसमोर उभं राहून तेच केलेलं असतं, आणि त्याला बक्षीसही मिळालेलं असतं. उपाय साधे आहेत. हातात कागद नको. उभं राहून बोलायचं नाही, बसायचं. पहिले तीन प्रश्न असे विचारा की ज्यांवर भाषण होऊच शकत नाही: खोलीचं भाडं किती, त्या दिवशी रात्री कुठे झोपलात, घरी काय सांगितलं होतं. मत विचारा चौथ्या प्रश्नापासून. तोपर्यंत आवाज खाली आलेला असतो.

वऱ्हाडी, अहिराणी किंवा मालवणी बोलणारी मुलं माईक बघितला की प्रमाण मराठीत येतात आणि वाक्यं बेतून बोलू लागतात. निवेदकाने आधी स्वतःच्या गावच्या बोलीत चार वाक्यं बोलावी, मग सुरुवात करावी. आणि मुलींचे आवाज कमी येतात याचं कारण लाजणं आहे असं समजू नका. कारण वसतिगृहाचं फाटक आहे. संध्याकाळी सातनंतर रेकॉर्डिंग ठेवलंत तर फक्त मुलगे येतील. दुपारी दोन ते पाच ठेवा.

चौघंही एकाच मताची असतील तर चर्चा घेऊ नका, चौघांचे वेगवेगळे तुकडे घ्या.

मोर्च्यात माईक

बातमी करायची नसली तरी मोर्च्याचा आवाज लागतो. तो पुढे इतिहासाच्या मालिकेत किंवा प्रश्नाच्या कार्यक्रमात पार्श्वभूमीला येतो. दोघांनी जावं, एकाकडे रेकॉर्डर, दुसऱ्याचं लक्ष आजूबाजूला. गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र, खिशात केंद्रप्रमुखांचं पत्र. त्या भागात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ चा मनाई आदेश आहे का ते आधी पाहून घ्या. असे आदेश शहरांत वरचेवर निघत असतात आणि मग पाचजण एकत्र उभे राहणंही अडचणीचं ठरतं. पोलिसांनी थांबवायला सांगितलं तर रेकॉर्डिंग थांबवा, वाद घालू नका. तुमच्याकडे पत्रकाराचं ओळखपत्र नाही.

आवाजाच्या बाबतीत सगळ्यांत जास्त फसतं ते भोंग्याजवळ. टेम्पोवरच्या भोंग्यांपुढे उभं राहिलं की रेकॉर्डरच्या इनपुटलाच आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज संपादनात दुरुस्त होत नाही. भोंग्याच्या तोंडापासून बाजूला, निदान पंधरा-वीस मीटर लांब उभे राहा. पातळी हाताने लावा, ऑटोमॅटिक बंद. सर्वांत मोठी घोषणा रेकॉर्डरच्या मीटरवर उणे १२ डीबीच्या आसपास थांबली पाहिजे. ऑटोमॅटिक पातळी चालू राहिली तर दोन घोषणांमधल्या शांततेत यंत्र आवाज वर खेचतं, आणि ऐकताना गर्दी धापा टाकत असल्यासारखी वाटते. वेव्ह फाइल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो. तासाला साधारण ५२० एमबी लागतात, म्हणून ३२ जीबीचं कार्ड दिवसभराला पुरून उरतं. वाऱ्यासाठी केसाळ आवरण हवं. स्पंजची टोपी फुंकर अडवते, मैदानातला वारा अडवत नाही. फोनवरच रेकॉर्ड करत असाल तर विमान मोडवर टाका.

जवळून, मध्यावरून आणि पन्नासेक मीटरवरून असे तीन थर घ्या, प्रत्येकी दोन मिनिटं, तोंडातून शब्द न काढता. घोषणेचं पूर्ण चक्र, म्हणजे हाक आणि उत्तर, सलग चार वेळा तरी मिळवा. अर्धवट चक्र संपादनात जोडताना ताल मोडतो आणि ते लगेच कळतं. आणि रेकॉर्ड करताना स्वतः घोषणा देऊ नका. माईकच्या सर्वांत जवळचा आवाज तुमचाच असतो.

मुलाखतीला डायनॅमिक माईक, तोंडापासून चार बोटांवर, किंचित तिरका. गर्दीत कंडेन्सर माईक सगळ्या जगाचा आवाज गोळा करतो. बंद कानांचे हेडफोन घातल्याशिवाय सुरुवात करायची नाही. वायरची खरखर डोळ्यांना दिसत नसते.

ज्यांना यायला जमत नाही ते व्हॉट्सअॅपवर आवाज पाठवतात. व्हॉइस नोट पाठवायला सांगू नका, ती दाबलेली असते आणि एफएमवर डबड्यातून आल्यासारखी लागते. फोनच्या रेकॉर्डर अॅपमध्ये रेकॉर्ड करून ती फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, आणि गाद्या-कपडे असलेल्या खोलीत बसून बोलायला सांगा.

नाव सांगायचं की नाही

स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी नावानिशी बोलायला कचरतो याला ठोस कारण आहे. सरकारी नोकरीच्या आधी चारित्र्य पडताळणी होते, आणि आंदोलनात नोंदलेला गुन्हा तिथे समोर येतो. त्यामुळे संमती टेपवरच घ्या, तीन वाक्यांत: कार्यक्रम कोणता, तो कुठे कुठे ऐकू जाईल (फक्त एफएम की इंटरनेटही), नाव वापरायचं की नाही. प्रसारणाच्या आदल्या दिवसापर्यंत मागे घेण्याची मुभा द्या आणि ती पाळा. अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची लेखी संमती हवी. लैंगिक अत्याचाराला तोंड दिलेल्या व्यक्तीची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. त्यात नावाबरोबर गाव, वर्ग, वडिलांचा व्यवसाय, सगळंच येतं.

ओळख लपवायला आवाजाची पट्टी बदलतात ते सोडा. ती उलट फिरवून मूळ आवाज बराचसा परत मिळवता येतो, शिवाय ऐकायला हास्यास्पद लागतं. तेच शब्द दुसऱ्या विद्यार्थ्याकडून वाचून घ्या आणि तसं निवेदनात सांगा. बोलण्याची लकब मात्र वाचणाऱ्याने उचलू नये. मित्र लकबीवरूनच ओळखतात.

अमुक अधिकाऱ्याने पैसे खाल्ले, अमुक प्राध्यापकाने त्रास दिला असं टेपवर आलं तर नाव जाऊ देऊ नका. बदनामीचा दावा बोलणाऱ्यासोबत केंद्रावरही होऊ शकतो. "एका अधिकाऱ्याने" एवढ्यानेही विभागात तो एकच असेल तर भागत नाही. अशा वेळी घटना ठेवा, खातं काढा.

थेट फोन घेऊ नका. बहुतेक छोट्या केंद्रांकडे आवाज काही सेकंद उशिरा सोडणारी यंत्रणा नसते. फोन तासभर आधी घ्या, रेकॉर्ड करा, निवडून लावा, आणि आधी रेकॉर्ड केल्याचं सांगा.

जुन्या आंदोलनांची मालिका

आमच्या मते कॅम्पस रेडिओने सर्वांत आधी करायला हवं ते हे. यात बातमीचा प्रश्नच येत नाही, आणि साक्षीदार हयात आहेत. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचं उदाहरण घ्या. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला आणि त्याच्या विरोधात मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. १९७९ मध्ये प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरहून औरंगाबादच्या दिशेने लाँग मार्च निघाला. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. म्हणजे साडेपंधरा वर्षांत विद्यार्थ्यांच्या कितीतरी तुकड्या या प्रश्नासोबत शिकून बाहेर पडल्या. १९७८ मध्ये विशीत असलेली माणसं आता पासष्टीच्या पुढे आहेत. त्यांच्यातले काही शिक्षक झाले, काही कारकून, काही शेतातच राहिले. त्यांची नातवंडं आज त्याच विद्यापीठात असतील, आणि मुलाखत नातवंडाने घेतली तर आजी वेगळंच बोलते.

तारखा विचारू नका, खुणा विचारा. मराठवाड्यात माणसं काळ मोजतात तो बहात्तरच्या दुष्काळाने, आणीबाणीने, किल्लारीच्या भूकंपाने. किल्लारी ३० सप्टेंबर १९९३ चा, नामविस्तार त्यानंतर साडेतीन महिन्यांनी. "भूकंपाच्या आधी की नंतर?" या प्रश्नाने अनेक आठवणी जागेवर बसतात. एका बैठकीत नव्वद मिनिटांच्या वर बसवू नका. पंखा आणि फ्रीज बंद करा, भिंतीवरचं घड्याळ दुसऱ्या खोलीत न्या. ऐकताना "हो, हो" म्हणू नका, मान डोलवा. घर सोडून पळाल्याच्या आठवणीवर आवाज थांबला तर पुढचा प्रश्न विचारण्याची घाई नको. रेकॉर्डिंग बंद करू का, एवढंच विचारा.

अशा मुलाखतींत जातीवाचक शिव्या येतात, कारण त्या दिल्या गेल्या होत्या आणि सांगणारा जसंच्या तसं सांगतो. संग्रहात त्या तशाच ठेवा. प्रसारणात तेवढा शब्द शांततेने झाका. बीप वापरू नका, त्याला विनोदी कार्यक्रमाचा वास येतो. कोणता शब्द झाकायचा हे सांगणाऱ्याला विचारून ठरवा. काहीजण म्हणतात, राहू द्या, लोकांना कळू दे. तेव्हा निर्णय समितीकडे जातो.

गाणी लागतातच. चित्रपटगीतांना परवाना आणि पैसे लागतात. शाहिराला बोलावून केंद्रातच रेकॉर्ड करा आणि लेखी परवानगी घ्या, गायकाची वेगळी आणि गीतकाराची वेगळी. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. महात्मा फुले १८९० मध्ये गेले, सावित्रीबाई १८९७ मध्ये. त्यांची रचना कोणीही गाऊन लावावी. अण्णाभाऊ साठे जुलै १९६९ मध्ये गेले, त्यामुळे त्यांचा शब्द मुक्त होईल १ जानेवारी २०३० ला. तोवर वारसांची परवानगी लागते, कितीही लोकांच्या तोंडी असला तरी.

संपादन आणि हवा

८० ते १०० हर्ट्झखालचं सगळं कापा, तिथे फक्त गाड्यांची घरघर असते. निवेदनाखाली घोषणा ठेवू नका. शब्दाखाली शब्द आला की दोन्ही कळत नाहीत. निवेदनाखाली पावलं, हलगी, गर्दीची कुजबुज ठेवा, आणि तीही बोलण्यापेक्षा १८ डीबी खाली. घोषणा हवी तिथे निवेदकाने गप्प बसावं. वाक्य कापताना "पण" आणि "तरीही" यांच्यानंतरचं कापू नका. सगळ्यात जास्त तक्रारी तिथूनच उगवतात, आणि त्या रास्त असतात.

मोर्च्यातल्या शिट्ट्यांबद्दल एक खास गोष्ट. एफएममध्ये प्रक्षेपणाआधी वरच्या पट्टीचे आवाज मुद्दाम उचलले जातात, आपल्याकडे ५० मायक्रोसेकंदांच्या मापाने. साधारण ३ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं त्यात फुगत जातं, आणि शिट्टी नेमकी तिथेच वाजते. स्टुडिओत बरी वाटलेली शिट्टी हवेत लिमिटरला, म्हणजे मोठा आवाज दाबणाऱ्या यंत्राला, धडकते आणि क्षणभर सगळा कार्यक्रम दबून जातो. शिट्ट्या ३ ते ४ किलोहर्ट्झमध्ये ६ डीबीने खाली आणा, आणि अंतिम फाइल एकदा साध्या रेडिओ संचावर ऐका.

५० वॉटचा ट्रान्समीटर आणि जास्तीत जास्त ३० मीटर उंचीचा अँटेना एवढ्यात मोकळ्या माळावर दहा किलोमीटर सहज मिळतात. काँक्रीटच्या शहरात त्याच्या निम्मे मिळाले तरी पुष्कळ, आणि वसतिगृहाच्या तळमजल्यावर काहीच लागत नाही असंही होतं. फोनमधल्या एफएमला वायरचा इयरफोन अँटेना म्हणून लागतो आणि आता बऱ्याच फोनना ते भोकच नाही. म्हणून मेसमध्ये जेवणाच्या वेळी संच लावण्याची व्यवस्था करा. जाहिरात करण्यापेक्षा त्याने श्रोते जास्त मिळतात. तुकडे इन्स्टाग्रामवर टाकताना मात्र लक्षात ठेवा, तिथे रेडिओचा करार लागू नसला तरी आयटी नियम आणि संस्थेची शिस्तपालन समिती दोन्ही असतात.

प्रसारित झालेलं सगळं तीन महिने जपून ठेवणं करारानेच बंधनकारक आहे. यासाठी वेगळा जुना संगणक आणि रेडिओ संच ठेवा आणि हवेतून आलेला आवाजच रेकॉर्ड करा. प्लेलिस्टच्या सॉफ्टवेअरची नोंद पुरत नाही, कारण ती काय लावलं ते सांगते, काय ऐकू गेलं ते नाही. ६४ केबीपीएस एमपी३ मोनोमध्ये चोवीस तासांचे सुमारे ७०० एमबी होतात, नव्वद दिवसांना ६३ जीबीच्या आसपास. संगणकाला यूपीएस लावा, नाहीतर वीज गेल्यावर तो बंदच राहतो आणि हे कळतं तक्रार आल्यावर. "तुमच्या केंद्रावर देशाविरुद्ध बोललं गेलं" असं पत्र आलं तर तारीख आणि वेळ विचारा, तेवढा भाग काढा, लिहून घ्या, समितीपुढे ठेवा. टेप नसेल तर तुमच्या बाजूने बोलायला काहीच राहत नाही.

तीन महिने ही कमीत कमी मुदत. जुन्या आंदोलनाच्या मुलाखती त्यानंतर पुसायच्या नाहीत. न कापलेली वेव्ह फाइल दोन हार्ड डिस्कवर ठेवा, एक केंद्रात आणि एक विद्यापीठाच्या ग्रंथालयात, आणि सहा महिन्यांनी दोन्ही उघडून बघा. फाइलच्या नावात तारीख, विषय आणि क्रमांक असावा, बोलणाऱ्याचं नाव नको. नाव, संमतीचा तपशील आणि संपर्क वेगळ्या नोंदवहीत लिहा, ती कुलुपात ठेवा. नोंदवहीत गाव लिहिताना तालुका आणि जिल्हा विसरू नका. नुसत्या पिंपळगावावरून मराठवाड्यात कोणालाही शोधता येणार नाही.